एका फेरीत दोघं

मी धक्क्यावरचं फिरतं फाटक बोलतंय. तीन लोखंडी हात आणि एक कुरकुरणारी मान. मेक्सिकोतल्या आमच्या बेटावर बोटीतून उतरलं की आधी माझीच गाठ पडते. पर्यटन कर भरा, मला ढकला, आत जा. एका फेरीत एक माणूस. बेटावरच्यांना कर माफ.

मला घडवलं मेरिदा शहरातल्या एका बस-आगारासाठी. तिथं मला कुणी नावं ठेवली नाहीत. ते सुख इथं आल्यावर मिळालं.

"विमानाच्या तिकिटात एक कर, हॉटेलच्या बिलात एक, आणि आता हा?" असं म्हणत नवरा पाकीट चाचपतो. बायको समुद्राकडे बघते, जणू तो तिच्या ओळखीचाच नाही. मग हाच गृहस्थ पलीकडे कराच्या तिप्पट किमतीची टोपी घासाघीस न करता घेतो. खर्च वाढतो हे खरंच. चार पोरांची आई माझ्यासमोर बेरीज करते तेव्हा मलाही अवघडल्यासारखं होतं. पण किनाऱ्यावरचं शेवाळ त्याच पैशांतून उचललं जातं, आणि माझ्या मानेला तेलही मिळतं.

कर घेते डोन्या एल्विया, म्हणजे एल्वियाबाई. कोण बेटाचं, कोण बाहेरचं, हे ती चेहरा बघून सांगते. एकदाच चुकली, तेही मुद्दाम.

त्या दिवशी तिची भाची लिग्या कॅनडाहून आली, नवऱ्याला घेऊन. लग्न तिकडेच, कचेरीत सह्या करून उरकलेलं. आमच्याकडे लग्नात दोघांच्या खांद्यांवरून एकच दोर आठाच्या आकारात घालतात. लिग्याच्या लग्नात तो मान एल्वियाचा, हे पोरगी फ्रॉकात होती तेव्हाच ठरलेलं.

"आत्या, हा इयन."

"पाहुणे का?" एल्वियानं मान वर केली नाही. "दोघांचा कर भरा."

"माझाही?"

"बेटावरची मुलगी आत्याला न सांगता लग्न करते होय?"

लिग्यानं वाद घातला नाही. दोघांचे पैसे पुढ्यात ठेवले. भांडायची तयारी करून बसलेली एल्विया ते पैसे उगाच पुन्हा मोजू लागली.

तेवढ्यात इयननं आमच्या भाषेत अडखळत विचारलं, "आत्या, पावती मिळेल?"

रांग हसली. एल्वियालाही हसू आवरेना. "हिशेबी आहे गं तुझा नवरा."

ती उठली. रांगेसाठी बांधलेला निळा दोर सोडला, दोघांना माझ्या एकाच खाचेत कोंबलं आणि दोर दोघांच्या खांद्यांवरून आठासारखा घातला. त्याला मासळीचा वास येत होता. लिग्या डोळे पुसत हसत होती.

"आता झालं लग्न. उचल ते पैसे. घरच्यांना कर नसतो."

मागचा एक म्हातारा प्रवासी बायकोला म्हणाला, "आपणही दोर मागूया. कर वाचेल."

"इतकी वर्षं बांधलेलीच आहे मी," ती म्हणाली. "भर पैसे."

ती फेरी पुरी करताना माझी मान आखडली, ती आखडलीच. माझ्या जागी चेहरा ओळखणारं यंत्र येणार म्हणतात. येऊ दे. तोवर तुम्ही आलात तर खुशाल कुरकुरा, मीही कुरकुरतंच; फक्त हळू ढकला.

बोटीतले प्रवासी आणि माझ्या फेऱ्या, यांत त्या दिवसाचा एकाचा फरक राहिलाय. हिशेब तपासायला शहरातून साहेब आले, चष्मा सरसावून म्हणाले, "एका फेरीत दोघं? असं कसं?"

एल्वियानं विचारलं, "साहेब, तुमचं लग्न व्हायचंय का अजून?"