देवमाशाची तीन हृदयं

आमची ताई वर्तमानपत्रासाठी शब्दकोडं रचते. मागच्या रविवारी तिने विचारलं, 'तीन हृदयं असलेला समुद्रातला प्राणी, चार अक्षरी.' सगळ्या गावाने 'ऑक्टोपस' लिहिलं. पुस्तकांतही तेच आहे म्हणे. ताईचं उत्तर मात्र होतं 'देवमासा'. बरोबर उत्तरं आली तीनच: आईचं, दादाचं आणि माझं.

संपादकांना वाटलं, ताईने घरात उत्तर फोडलं. ते तडक आमच्या दारात येऊन उभे राहिले.

"एकाच घरातले तिघं? मला काय दूधखुळा समजलात?"

माझं डोकंच फिरलं. "अहो, फोडायचंय काय त्यात? देवमाशाला तीन हृदयं असतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. बाबांनी शिकवलंय!"

बाबा आरामखुर्चीत पडले होते. 'माहीत नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून जन्मात कुणी ऐकलेले नाहीत.

"एवढं मोठं धूड," ते डोळे न उघडताच म्हणाले, "एका हृदयावर चालेल होय? एक पुढे, एक मागे, आणि एक स्टेपनी."

संपादकांचा आवाज एकदम खाली आला. "आणि ऑक्टोपसला किती?"

"त्याला कशाला हवंय? आठ हात दिलेत की!"

संपादक मान डोलावत, चहाही न घेता निघून गेले.

पुढच्या रविवारी ताईने विचारलं, 'हृदय नसलेला समुद्रातला प्राणी, चार अक्षरी.' या खेपेला बरोबर उत्तरं चार आली. चौथं संपादकांचं होतं.