महाराजांचा बाराचा मेल

"महाराज, खोलीत फोन नाही, डोळे मिटलेले, हात मांडीवर. मग ईमेल टाइप कशानं करता?"

हा प्रश्न भर सत्संगात विचारून दाखव, अशी पैज माझ्या वर्गातल्या शेफाली आणि राजनंदिनीनं माझ्याशी लावली होती. दोन ग्लास मस्तानीची. मी दहावीत आहे आणि यंदा मला एक शोध लागलाय: मोठ्यांसमोर प्रश्न विचारला तर माणूस मरत नाही. म्हणून विचारला.

वारज्याच्या त्या हॉलमधल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. चाळीस खुर्च्या, प्रत्येकीवर भक्तांच्या यादीतला नंबर, आणि समोर काचेच्या बंद खोलीत मौनानंद महाराज. एसी चालू होता. वैराग्याला घाम येत नसावा.

"बाळ, महाराज संकल्पानं लिहितात," बद्रीनाथभाऊ गोड आवाजात म्हणाले. हे मुख्य सेवेकरी. कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसतात, 'साउंडसाठी'. "आत्म्याला कीबोर्ड लागत नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. या उत्तराला! त्यातले निम्मे तरी इंजिनीअर होते.

चमत्कार असा: दर रविवारी बाराच्या ठोक्याला एकूण एक भक्ताचा फोन वाजतो. प्रत्येकाला नावानिशी मेल, प्रत्येकाच्या चिंतेवर उपाय. माझी वासंतीआत्या बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेली, तीही म्हणते, "स्पृहा, त्यांनी मनातलं ओळखलं गं!"

"आत्या, दारात फोनवर अर्ज भरून घेतात, त्यात चिंता तूच लिहिलीस ना?"

"तो अर्ज बद्रीनाथभाऊंकडे जातो. महाराजांना कुणी सांगितलं?"

बँकेतल्या अधिकाऱ्याचा युक्तिवाद हा!

पण मला हसू येत नव्हतं. आत्याला बारा वर्षं मधुमेह आहे. इन्सुलिन सोडायचं की नाही, याचा कौल ती आज मागणार होती. हॉलच्या मध्यभागी फुलांनी सजवलेली त्यागपेटी होती. ज्याला कौल मिळतो, तो आपली औषधं त्यात टाकतो. आत्याच्या पर्समध्ये इन्सुलिनचं पेन तयार होतं.

बारा वाजले. चाळीस फोन किणकिणले. आत्यानं मोठ्यानं वाचलं, "वासंती, बाळा, तुझ्या पोटातला वायू आम्ही शांत केला आहे. आजपासून औषध बंद कर."

"पण मला गॅसचा त्रास नाही," ती गोंधळून म्हणाली.

"होणार होता, ताई!" बद्रीनाथभाऊंनी हात जोडले. "महाराजांनी आधीच घालवला. काय ती कृपा!"

तिकडे यमुनाबाईंचा मुलगा सातवीत, आणि त्यांना मेल आला की सून घरात येते आहे. पंचाहत्तरीच्या संभाजीकाकांना अमेरिकेचा व्हिसा मिळणार होता. लोक भांबावले, पण शंका कुणालाच आली नाही. "लीला!" म्हणून सगळे खूश. आत्यानं तर 'औषध बंद' एवढंच धरलं, पेन काढलं आणि पेटीकडे निघाली.

मला मात्र ही लीला ओळखीची होती. तीच लीला ऑगस्टमध्ये मी स्वतः केली होती. शाळेसाठी पालकांना मेल पाठवणारा प्रोग्रॅम लिहिला, आणि पंचेचाळीस पालकांना दुसऱ्याच्याच मुलांचे गुण गेले. आमचे सर म्हणाले, "कॉम्प्युटरला शिव्या देऊ नकोस. कुणाला कुणाचं गेलं ते कागदावर लिही." दोन दिवसांनी चूक सापडली. यादीतल्या नावांना मी बाराखडीप्रमाणे क्रम लावला होता, पण शेजारचे गुण जागच्या जागीच राहिले होते.

"आत्या, दोनच मिनिटं थांब!" मी तिचा हात धरला आणि विचारलं, "आज नवीन कोण आलंय?"

चाळीसाव्या खुर्चीवरच्या आमोदनं हात वर केला. हा हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपनीत कामाला.

"आणि बाकीचे बाराखडीप्रमाणे बसता ना? मग प्रत्येकानं आपला फोन पुढच्या नंबरला द्या. आमोददादा, तुमचा एक नंबरला द्या."

"हा पोरखेळ आहे!" बद्रीनाथभाऊंचा गोडवा आटला.

"मग खेळू दे की," संभाजीकाका म्हणाले आणि आत्याचा फोन घेतला. वाचता वाचता त्यांचा चेहरा पडला. "अहो, वायू तर माझा आहे!"

"व्हिसा माझा!" आमोद ओरडला.

चाळीस फोन एक घर सरकले आणि चाळीस चिंता आपापल्या मालकाकडे पोचल्या.

मी आत्याच्या खुर्चीवर चढले. "बद्रीनाथभाऊंनी नवीन नाव शेवटी लिहिलं. मग नावांना क्रम लावला, तसे आमोददादा यादीत सगळ्यात वर गेले. पण चिंतांना क्रम लावायला विसरले, म्हणून प्रत्येकाला पुढच्याचा मेल गेला. यादी, ठरावीक मजकूर आणि बाराची वेळ. बाकी सगळं लॅपटॉप करतो. मलाही येतं, मी काही आत्मा नाही."

आमोद मान खाली घालून पुटपुटला, "ऑफिसात मी रोज हेच करतो."

"मग मेंदू तिथेच ठेवून येता का, दादा?"

बद्रीनाथभाऊंनी लॅपटॉप फटकन मिटला. काचेआडच्या महाराजांनी एक डोळा उघडून त्यांच्याकडे पाहिलं. त्या एका डोळ्यात जेवढा राग होता, तेवढ्यात चार मौनं मोडली असती.

आत्यानं पेन पर्समध्ये परत ठेवलं. "आज मी हे टाकलं असतं गं," एवढंच ती म्हणाली.

तुम्हीही शिकलेले असाल, मोठ्या पगाराचे असाल. म्हणून सांगते, चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी विचारा: यांना हे कुणी सांगितलं? बऱ्याचदा आपणच सांगितलेलं असतं. आणि तुमचं औषध बंद करायचं की नाही, हे तुम्हाला तपासणारे डॉक्टर ठरवतील. काचेतला माणूस नाही.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "झालं ना? आता गप्प बस. कशाला नसती भानगड?" आईनंही मान डोलावली.

"आई, बाबा, ती त्यागपेटी पुढच्या रविवारीही तिथेच असणार आहे. म्हणून उद्या शाळा सुटली की मी आत्याबरोबर पोलीस चौकीत जाणार आहे. तक्रार लिहून झाली आहे. आत्या सही करणार आहे. खाली अजून एका मोठ्या माणसाची सही हवी. दोघांपैकी कुणाची, ते पानं वाढेपर्यंत ठरवा."