पाइपांची तोंडं

सगळी गल्ली तिला वहिनीच म्हणायची. घरामागच्या उतारावर अवजारांसाठी शेड हवी, म्हणून वहिनी नऊ दिवस एकटी खपली. उतार कापला, दोरी बांधली, पाणसळ लावून काँक्रीटचा ओटा घातला आणि वरची माती घसरू नये म्हणून मागे गुडघाभर भिंत रचली. मागचं पाणी निघून जावं म्हणून तळाच्या थरात पाइपचे तीन तुकडे ठेवले. भिंतीमागे भरायची खडी बाजूला रचली आणि चार दिवस आईकडे गेली.

परतली तेव्हा भिंतीचं पोट पुढे आलं होतं आणि ओट्याचा कोपरा तडकला होता. दोन दिवस पाऊस झाला होता, एवढंच नवऱ्याने सांगितलं. तिने रचून ठेवलेली खडी कुठे गेली ते शोधावं लागलं नाही. फाटकापासून दारापर्यंतच्या वाटेवर ती छान पसरलेली समोरच दिसत होती. खडीच्या जागी भिंतीमागच्या फटीत चिकण माती ठासलेली. आणि तिन्ही पाइपांची तोंडं सिमेंटने लिंपून गुळगुळीत केलेली.

राहायला आलेला धाकटा दीर चहा घेऊन मागे आला. "वहिनी, मीच म्हटलं थोडा हातभार लावू. उंदीर शिरले असते त्या भोकांतून. पण खरं सांगू? तुमचा पायाच कच्चा होता. गवंडी बोलवायला हवा होता."



"भावोजी, तुम्ही ही भोकं बुजवलीत?"

"चांगल्यासाठीच हो."

"अगं, हौसेने केलंय त्याने," नवरा म्हणाला. "जाऊ दे ना."

"काय जाऊ दे? माझे नऊ दिवस?"

तिने छिन्नी-हातोडी उचलली आणि पहिल्याच पाइपवर घाव घातला. चौथ्या घावाला सिमेंटचा बोळा उडाला आणि मातकट पाण्याची चिळकांडी दिराच्या पँटवर बसली.

"बघ! हे पाणी कुठे जाणार होतं? तुझ्या डोक्यात?"

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. तिच्या तोंडून दिरासाठी 'तू' आजवर कधी निघालं नव्हतं. दिराने चहाचा कप ओट्यावर ठेवला. 

"फावडं घे. ती माती उपस." मग ती नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही, वाटेवरची खडी गोळा करा."

दीर तासभर राबला, मग पाठ धरल्याचं सांगून निघून गेला. तिने थांबवलं नाही. ओट्याचा कोपरा फोडून नवा ओतला, भिंत उतरवून पुन्हा रचली, मागे खडी भरली. नवरा निमूटपणे घमेली वाहत होता. आठवड्याने शेड उभी राहिली.

महिन्याभराने दिराचा फोन आला, "वहिनी अजून रागावल्यात का?"

नवऱ्याने फोन तिच्यापुढे धरला.

"हो," ती म्हणाली, आणि परत कामाला लागली.