डिसेंबरात गुलाब कोण फुलवतं?

बाहेर उणे बावीस अंश थंडी, आणि प्रार्थनेने दुखणी बरी करतो म्हणणाऱ्या फावस्तीनोच्या बैठकीच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. ग्वादालुपेच्या माउलीच्या, म्हणजे आमच्या मेरीमातेच्या, तसबिरीपुढे कुंडी होती, कुंडीतल्या गुलाबाला माझ्या भाचीची, नायेलीची, लाल रिबीन बांधलेली. काल संध्याकाळी त्या फांदीवरची कळी घट्ट मिटलेली सगळ्यांनी पाहिली होती. आज माउलीचा सण, आणि फूल पुरतं उमललेलं.

"डिसेंबरात गुलाब कोण फुलवतं?" फावस्तीनोने डोळे मिटून विचारलं. "पाचशे वर्षांपूर्वी माउलीने मेक्सिकोतल्या उजाड टेकडीवर फुलवले, आता माझ्या घरात. पोरीच्या रक्तातली साखर या फुलाने ओढून घेतली. एर्मेलिंदा, यापुढे सुई टोचलीस तर फूल गळेल."

सुई बंद केली तरच कळी उमलेल, असं कालच बजावून त्याने माझ्या बहिणीला, एर्मेलिंदाला, इन्सुलिन थांबवायला लावलं होतं. नऊ वर्षांची नायेली कोपऱ्यात चौथा ग्लास पाणी पीत होती. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते.

गुडघे टेकलेली ही मंडळी कोण, तर काचघरातले माझेच सोबती. मिनेसोटाच्या या गावात आम्ही मेक्सिकोची माणसं हिवाळाभर गुलाब कापतो. आणि तीच माणसं या एका फुलापुढे रडत होती.

मी वाकून फांदी पाहिली. पाच पर्णिकांच्या पानाच्या जरा वर तिरका काप. सणाच्या तारखेला फूल हवं तर सात आठवडे आधी आम्ही असाच काप देतो.

"काका, या खोलीत ऊन येतच नाही. मग पानं इतकी हिरवी कशी?"

"श्रद्धा कमी पडते तुझी, ओतिलिया."

"असेल. तळघराची किल्ली द्या."

त्याने दिली नाही. पण तळघराच्या दाराखालच्या फटीतून जांभळट उजेड येत होता, आणि तो उजेड आमच्यातल्या प्रत्येकाच्या ओळखीचा, काचघरात रोपं वाढवायच्या दिव्यांचा. आमच्या मुकादमाने खांदा लावून दार उघडलं. खाली दिवे, ते वेळेवर लावणारं-विझवणारं घड्याळ, आणि गुलाबाच्या अकरा कुंड्या, कुठे कळी, कुठे फूल. मागच्या रांगेतल्या कुंडीत कालची मिटलेली कळी, काट्यात रिबिनीचा लाल धागा अडकलेला. तिची रिबीन सोडून रात्री वरच्या फुलाला बांधलेली.

"डिसेंबरात गुलाब कोण फुलवतं, विचारलंत ना?" मी म्हणाले. "आम्ही. सोमवार ते शनिवार."

एर्मेलिंदा नायेलीला उचलून गाडीकडे धावली. इस्पितळात दोन दिवस सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, रात्रीपर्यंत थांबला असतात तर कठीण होतं.

पुढच्या रविवारी फावस्तीनोच्या दारात आमच्यातले तिघं पुन्हा उभे होते. मला राग आला, आणि रडूही. माउलीला मीही हात जोडते. पण बाबांनो, जे फूल तुम्ही आपल्या हातांनी फुलवता, त्याच्यापुढे पोरीचा जीव ओवाळून टाकू नका. आधी सुई द्या, मग मेणबत्ती लावा.