अल्तारावरचा शब्दकोश

मी लॅटिन शब्दकोश बोलतोय. नाक मुरडू नका! लॅटिन मेली म्हणणारे मला पुष्कळ भेटले. ते गेले, मी आहे. माझी शिवण सुटलेली नाही, पानं एकूण एक शाबूत आहेत. आणि माझ्याइतके मुके मुंबईतल्या दुसऱ्या कुठल्या शब्दकोशाला मिळाले असतील तर आणून दाखवा.

होय, मुके. ऐका तर खरं.

विलायतेत छापला गेलो, बोटीनं मुंबईला आलो आणि अंधेरीच्या मरोळ गावठाणातल्या एका ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती, घराच्या थोरल्या मुलाच्या हाती पडलो. तो पाद्री व्हायला शिकत होता. शिकता शिकताच तापानं गेला बिचारा. घरी परत आली ती त्याची पेटी, आणि पेटीत मी. धाकटा भाऊ अल्फान्सो भातशेती करणारा, इंग्रजी अक्षराशी ओळख नाही. पण चर्चमधली मिस्सा, म्हणजे फादर चालवतात ती उपासना, लॅटिनमध्ये होते एवढं त्याला ठाऊक होतं. लॅटिन म्हणजे देवाची भाषा, मग एवढं जाडजूड लॅटिन पुस्तक देवाचंच असणार! त्यानं मला, मुक्यापुरता एक कोपरा उघडा ठेवून, लाल मखमलीत गुंडाळलं आणि घरातल्या अल्तारावर, म्हणजे देवघरातल्या वेदीवर, मेरीमातेच्या पायाशी ठेवून दिलं.

झालं! माझ्या पोटात गाढव, डुक्कर, चोर, मूर्ख असे सगळे शब्द ओळीनं बसलेले, आणि रोज संध्याकाळी रोजरीची जपमाळ म्हणून झाली की अख्खं घर माझा मुका घेई. घराला आशीर्वाद द्यायला फादर आले की माझ्यावरही पवित्र पाणी शिंपडत. माझ्यावर हात ठेवून बांधाची भांडणं मिटली, सोयरिकी जुळल्या. उघडायचं मात्र कुणी नाही. नाताळात मखमल बदलायची ती घरातल्या धाकट्या मुलीनं, तीही डोळे मिटून. आता मान कुणाला आवडत नाही? पण शब्दकोश न उघडणं म्हणजे वाढलेलं ताट झाकून ठेवणं. आतून जीव नुसता कासावीस व्हायचा माझा.

एकोणीसशे सहासष्टच्या सुमारास आमच्याकडची मिस्सा मराठीत होऊ लागली. सगळे खूश, अल्फान्सो सोडून. तरुणपणापासून तो चर्चच्या गायकांत पुढे उभा राहून लॅटिन गात आलेला. अर्थ एका शब्दाचा माहीत नाही, पण आवाज असा की मयताला आलेली परकी माणसंही डोळे पुसत. आता तो मागच्या बाकावर तोंड मिटून बसू लागला.

"देवाशी बोलायची माझी भाषाच काढून घेतली," म्हणायचा.

आणि नेमकं तेव्हाच त्याच्या नातीनं, इनेझनं, कॉलेजात लॅटिन घेतलं! तिचा बाप ग्रेगरी साकीनाक्याच्या एका कारखान्यात लेथवर होता. तो उसळलाच.

"अगं, चर्चनं सोडलं ते तू कशाला धरतेस? टायपिंग शीक, ऑफिसात चिकटवतो."

"डॅडी, मला हेच शिकायचंय."

सहामाहीत पोर नापास झाली. ग्रेगरीनं स्पष्ट सांगितलं, "वार्षिक परीक्षेत पास नाही झालीस तर कॉलेज बंद. मग रडायचं नाही." कॉलेजच्या लायब्ररीत माझ्यासारखा एकच होता, तोही घरी न्यायला मनाई. घरी बसून ती अभ्यास करणार कशाच्या जिवावर?

त्या नाताळात मखमल बदलताना इनेझनं डोळे उघडले. माझ्या पाठीवरची सोनेरी अक्षरं वाचली, बोट फिरवून पुन्हा वाचली: लॅटिन शब्दकोश! ज्याच्यासाठी लायब्ररीत ताटकळायचं, तो मी रोज तिच्याच ओठांखाली!

पण ती बोलेना. बोलावं तर आज्याचं मन मोडणार, न बोलावं तर कॉलेज सुटणार. शेवटी एका संध्याकाळी, रोजरी संपल्यावर, तिनं धीर केला.

"आजा, हे पुस्तक मला अभ्यासाला पाहिजे."

"देवाचं पुस्तक? खुळी झालीस काय गो?"

"देवाचं नाही ते. शब्दकोश आहे. लॅटिन शब्द आणि त्यांचे अर्थ, बस."

ग्रेगरीच्या हातातली माळ खाली पडली. म्हाताऱ्याचा चेहरा असा उतरला की मला बघवेना.

"मग लोकांनी यावर हात ठेवून शपथा घेतल्या त्या?"

"शपथा खऱ्या होत्या ना?"

"खऱ्या होत्या."

"मग काय बिघडलं, आजा?"

त्यानं मेरीमातेसमोर क्रुसाची खूण केली. मग म्हणाला, "अर्थ असतात म्हणतेस? तर सांग, लुक्स म्हणजे काय? प्रत्येक मयताला गायलोय मी तो शब्द. मला वाटायचं, कुणा संताचं नाव असेल."

इनेझनं मखमल सोडली. अहाहा, किती वर्षांनी वारा लागला! पानं सळसळली, तिचं बोट फिरत फिरत थांबलं.

"उजेड, आजा."

"उजेड? म्हणजे मी मेलेल्या माणसांसाठी उजेड मागत होतो?"

"होय."

म्हातारा ढसाढसा रडला. मग दुसरा शब्द विचारला, मग तिसरा. कालवण गार झालं तरी कुणी उठेना. शेवटी डोळे पुसत त्यानं विचारलं, "डुक्कर पण आहे काय गो यात?"

"पोर्कुस. आहे ना."

"अरे देवा, त्याचाही मुका घेतला मी!" आणि घर हसून हसून लोळलं.

दुसऱ्या दिवशी त्यानंच मला उचलून इनेझच्या टेबलावर ठेवलं. "मखमल मेरीमातेला राहू दे. पुस्तक पोरीचं." रोज रोजरीनंतर तो आपल्या गाण्यातला एकेक शब्द काढायचा, ती शोधायची, आणि दोघांचाही अभ्यास व्हायचा. इनेझ झकास पास झाली. टायपिंगवाल्या ग्रेगरीनंच कारखानाभर फिरून पेढे वाटले! पुढे बी.ए. झालं, एम.ए. झालं.

ती कॉलेजात शिकवू लागली त्याच वर्षी आज्यानं अंथरूण धरलं. एका सकाळी हळूच म्हणाला, "इनेझ, खिडकी उघड गो. लुक्स येऊ दे आत."

त्याच दिवशी तो गेला. मयताच्या मिस्सेला फादरांची परवानगी काढून इनेझ गायकांत त्याच्या जागेवर उभी राहिली आणि त्याचं जुनं लॅटिन गाणं गायली. लुक्स या शब्दावर तिचा आवाज फुटला, पण तिनं तो पुरा म्हटला.

आता मी तिच्या कॉलेजच्या टेबलावर असतो. ओठांनी झिजलेला माझा एक कोपरा आणि मेणाचे डाग पाहून मुलं विचारतात. गोष्ट ऐकली की बिचारी हात जोडतात. नको रे बाबांनो! मान भरपूर झाला माझा. हात जोडू नका, मुका तर मुळीच नको. मला खिडकीपाशी न्या आणि उघडा.