पट्टीखालचं नाव

मित्रांनो, मला जुना म्हणा, पोचे पडलेला म्हणा, राग नाही. मी चार पुडांचा स्टीलचा डबा आहे, आणि परवाच्या मंगळवारी मी समुद्र बघून आलो! बोटीतून गेलो, कॅसिनोच्या दारात बसलो आणि हरवता हरवता वाचलो. अजून माझी कडी थरथरते आहे, तेव्हा नीट ऐका.

माझा जन्म नागपूरचा. उल्काताईंच्या मामांनी इतवारीच्या दुकानात मला वाजवून पारखलं आणि भाचीच्या लग्नात देण्याआधी माझ्या अंगावर टिंबाटिंबांनी अक्षरं कोरून घेतली. गुदगुल्या झाल्या, पण ऐट काय वाढली! उल्काताईंबरोबर मी कॅनडात आलो, सरे नावाच्या शहरात. त्यांचे यजमान शरदचंद्र लाकडाच्या गिरणीत इंजिनियर होते. वर्षानुवर्षं मी त्यांच्याबरोबर कामावर गेलो. जेवणाची सुट्टी झाली की आसपासची मंडळी माझं झाकण उघडण्याची वाट बघायची.

मग मायक्रोवेव्ह आला. त्यात स्टील चालत नाही, मग मला कोण विचारतो? माझी रवानगी बेसमेंटमध्ये झाली आणि पोटात खिळे-स्क्रू आले. मी काय ते समजलो.

आता दोघं घर विकून छोट्या कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, जाणार आहेत. त्यांची लेक अपूर्वा आवराआवरीला आली. तिने मला उचललं, खिळे ओतून काढले आणि माझ्या अंगावर निळी चिकटपट्टी लावली. तिच्यावर इंग्रजीत लिहिलं, 'डोनेट'. आणि लावली कुठे, तर बरोबर माझ्या कोरलेल्या अक्षरांवर! उल्काताई त्या दिवशी दोनदा जिना उतरून मला बघून गेल्या.

इतक्यात सहल ठरली. मराठी ज्येष्ठ मंडळींची, स्वस्तात मस्त, समुद्रकाठच्या कॅसिनोच्या गावी! सोमवार ते गुरुवार ज्येष्ठांना बोटीचं भाडं माफ म्हणून मंगळवार निवडला, बस वर्गणीची आणि जेवण ज्याचं त्याने आणायचं. प्लास्टिकच्या डब्यातून भाजीचं तेल गळतं म्हणून उल्काताईंनी मला वर आणलं. आतून लख्ख घासलं. पट्टी मात्र काढली नाही. लेकीने ठरवलंय ना, गुरुवारी दानाच्या सामानात जाईलच तो, असं त्या शरदचंद्रांना म्हणाल्या. पण लगेच माझ्या पोटात पुऱ्या आल्या, बटाट्याची भाजी आली, आमची नागपुरी कोथिंबिरीची सांबारवडी आली, शिरा आला. म्हटलं, शेवटची तर शेवटची, पण काय थाटात!

बोटीवर वारा असा, की सगळ्यांच्या टोप्या हातात! वाळूवर चादर पसरून मंडळी जेवली. माझ्याभोवती तर नुसती झुंबड. मग सगळे कॅसिनोकडे निघाले. बाहेरचं खाणं आत चालत नाही, म्हणून मला दारातल्या सामानाच्या काउंटरवर ठेवलं. तिथे हरजीत नावाच्या बाई होत्या. उल्काताईंनी उरलेली सांबारवडी हिंदीत आग्रह करकरून त्यांना खायला घातली आणि निघताना मला घ्यायचं काम अपूर्वावर सोपवलं, कारण सहलीची सगळी व्यवस्था तिचीच होती. शरदचंद्र मोफतच्या कुपनावर पाच मिनिटं खेळले, सगळं हरले आणि लहान मुलासारखे खूश होऊन बाहेर आले.

निघायची वेळ झाली. पाचची बोट चुकवून चालणार नव्हतं. अपूर्वा माणसं गोळा करण्याच्या गडबडीत मला विसरली. बस गेली! इकडे हरजीतबाई जराशा आत गेल्या असताना काउंटर आवरणाऱ्या माणसाने माझी पट्टी वाचली आणि मला दानाच्या खोक्यात टाकलं. जुन्या स्वेटरांखाली मी अंधारात पडलो. रडूच कोसळलं.

बसमध्ये काय झालं ते मला नंतर कळलं. डबा राहिला हे लक्षात आल्यावर उल्काताई एवढंच म्हणाल्या, "जाऊ दे गं, नाहीतरी द्यायचाच होता." आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. अपूर्वाने ते तोंड बघितलं आणि ड्रायव्हरला बस फिरवायला लावली.

ती धापा टाकत आली. हरजीतबाईंनी मला खोक्यातून काढलं आणि विचारलं, हा डबा तर वडीवाल्या ताईंचा, तुमचा कशावरून? शिवाय यावर डोनेट लिहिलंय.

अपूर्वाने मला उलटं केलं. माझ्या बुडाला मोठा पोचा आहे. शाळेच्या सहलीला आईने वर्गासाठी पुऱ्या दिल्या, मुलांनी नाकं दाबली, आणि घरी येताना हिने मला लाथेने उडवलं होतं. आईला तिने ते कधीच सांगितलं नव्हतं.

"हा पोचा मी पाडलाय," ती म्हणाली. "आणि ती टेपसुद्धा मीच लावली."

हरजीतबाईंनी पट्टी सोलून काढली. खाली टिंबांची अक्षरं. अपूर्वाला मराठी कळतं, पण वाचता येत नाही. हरजीतबाई शाळेत हिंदी शिकलेल्या, त्यांना वाचता येतं, पण मराठी कळत नाही. त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, "उल्का, पोटभर जेव. मामा." आणि विचारलं, "इसका मतलब?"

अपूर्वाने मला छातीशी धरलं. रोज शाळेत जाताना आई तिला हेच तर म्हणायची.

बोट मिळाली, मित्रांनो, अगदी शेवटच्या क्षणी! अपूर्वाने मला आईच्या मांडीवर ठेवलं. उल्काताईंनी माझ्या अंगावरून बोट फिरवलं, पट्टी नव्हती. त्यांनी लेकीकडे बघितलं.

"हा मी नेते, आई," अपूर्वा म्हणाली. "मला गार भाजी चालते."

आता मी तिच्या ऑफिसात जातो. तुम्हीही घर आवरा, जुन्या वस्तू जरूर द्या. फक्त कुणावर पट्टी चिकटवण्याआधी त्याच्या अंगावर काय लिहिलंय ते वाचा, आणि वाचता येत नसेल तर आईला विचारा.