उताणं, पालथं, कुशीवर

“हात लावू नको त्याला. आज त्याचा कुशीवर निजायचा दिवस हाय,” अण्णा म्हणाले, आणि मी घड्याळावरचा हात चटकन मागे घेतला.

माझे वडील प्रेमानंद खिल्लारे पस्तीस वर्षं आखाडा बाळापूरच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करत होते. दुरुस्त झालेलं घड्याळ ते लगेच देत नसत. एक दिवस उताणं, एक दिवस पालथं, मग चारी कडांवर एकेक दिवस. गिऱ्हाईक वैतागे. शेजारचा सटवाजी टेलर तर रोज विचारी, “प्रेमानंद, घड्याळ हाय का बाळंतीण?” अण्णा ढिम्म. कूस बदलली की ज्याची चाल बदलते, ते घड्याळ त्यांच्या लेखी अजून आजारीच.

२००८ साल होतं. मी परदेशातून येऊन चार दिवस झाले होते. ज्या उपग्रहासाठी सहा वर्षं खपले, तो रद्द झाला होता. नांदेडच्या कॉलेजात शिकवायला येते, असं पत्रही मी लिहून पर्समध्ये ठेवलं होतं. उपग्रहाचं अण्णांना कळलं होतं, नांदेडचं सांगायचं तेवढं राहिलं होतं.

“रद्द काहून? काय बिघडलं त्यात?”

“काई न्हाई बिघडलं. पैसे देणाऱ्यांनी दुसरा उपग्रह निवडला.”

“त्यात करणार काय व्हते तुमी?”

हे मी त्यांना कधी नीट सांगितलंच नव्हतं. त्यांना काय कळणार, असं मला वाटे. लिहिताना लाज वाटते.

“दोन आरशांमधी उजेड कोंडायचा, अण्णा. आरसे हलले न्हाईत तर उजेडाची थरथर बदलत न्हाई. तीच मोजायची, तेच आमचं घड्याळ. अशी दोन घ्यायची, एक उभं, एक आडवं. मग फिरवायची. उजेडाचा वेग सगळ्या दिशांना सारखाच, असं आइन्स्टाइन सांगून गेला. फिरवल्यावर दोन्हींच्या चालीत फरक पडला, तर तो चुकला.”

अण्णांनी डोळ्यावरचं भिंग काढलं.

“म्हंजे उजेडाला कुशीवर निजवून बघता व्हय!”

मी हसले. ते हसले नाहीत. त्यांनी हातातला चिमटा आडवा धरला, मग उभा केला.

“पण बाई, आरसा फिरवला का त्याला सोताचंच वजन जाणवंल. केसाएवढा तरी वाकंल. मंग फरक वजनाचा का उजेडाचा, कसं वळखशाल?”

आमच्या बैठकांमध्ये मोठमोठे लोक ज्यावर तासन्‌तास बोलत, तो हाच प्रश्न होता, आणि तो सातवी शिकलेल्या माझ्या बापाने टिनाच्या टपरीत बसून विचारला होता.

“म्हणून तर आभाळात, अण्णा. तिथं वजनच जाणवत न्हाई.”

“वजनच न्हाई?” त्यांनी मान वर केली. वर टिनच होता, पण ते त्याच्या पलीकडे बघत असावेत. “माझा सारा जलम त्या वजनाशी भांडण्यात गेला, बाई.”

मग मी नांदेडचं सांगून टाकलं. अण्णांनी खालचा खण ओढला. त्यात अकरा घड्याळं टिकटिकत होती. दुरुस्तीला टाकलेली आणि कुणी न्यायला न आलेली. रोज सकाळी दहाला ते त्यांना चावी देत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. एकाला चिठ्ठी होती, ‘रखमाजी, गोरेगाव, १९९१’.

“रखमाजी वारले ना?”

“बारा वर्सं झाली.”

“मग चावी काहून देता?”

“त्याच्या घरचं कोन कवा यील, मला काय ठावं? आलं तर बंद घड्याळ हाती देऊ का त्यांच्या?”

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला अण्णांनी तो खण माझ्यापुढे सरकवला. मी रखमाजींच्या घड्याळाला चावी दिली, कानाला लावून पाहिलं. नांदेडचं पत्र पर्समध्येच राहिलं; उद्या कुणी आमचा उपग्रह मागायला आलं, तर आरशांचं काम बंद पडलेलं नको होतं.

“आता कुशीवर ठेव त्याला,” अण्णा म्हणाले.